एक वर्ष कापूस, एक वर्ष कॉलेज

१८९० साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात एक पत्र येऊन पडलं. लिहिणारी होती एलिझा ग्रायर. जन्म गुलामीतला, शिक्षण टेनेसीच्या फिस्क विद्यापीठात चाललेलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. जवळ पैसा नव्हता. जो डॉलर मिळेल तो स्वतःच्या कष्टाचाच, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग तिने तीन प्रश्न विचारले. तिथे शिकायला खर्च किती येईल? शिकता शिकता करता येईल असं काही काम मिळेल का? आणि गुलामीतून सुटलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या पेशात शिरायला मदत होईल अशी काही वाट आहे का?

वाट तिची तिलाच काढावी लागली. एक वर्ष शिकायचं, पुढचं वर्ष कापूस वेचून फीचे पैसे जमवायचे, की पुन्हा एक वर्ष शिकायचं. १८९७ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि जॉर्जिया राज्यात वैद्यकीय परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. १९०२ मध्ये ती गेली. इतक्या वर्षांच्या कष्टानंतर रुग्णांना मिळाली ती जेमतेम पाच वर्षं.

कॉलेजचं नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. ग्रायरच्या अकरा वर्षं आधी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचे हाल काही कमी नव्हते: परका देश, हाडं गोठवणारी थंडी, पोखरत जाणारं आजारपण. पण बोटीतून उतरल्यावर त्यांच्यासाठी रोझेलच्या कार्पेंटरबाईंचं घर उघडं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. कॉलेजात डीन रेचेल बॉडली स्वतः लक्ष घालत होत्या. कोणाच्या कष्टाचं मोल जास्त, हा प्रश्नच नाही. फरक इतकाच की एकीच्या मागे पैशाची सोय आणि मायेचं माणूस दोन्ही होतं, तर दुसरीला दर वर्षाआड शेतात परतावं लागलं.

अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलामुलींना डॉक्टर होण्यासाठी शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थांची कथा या फरकातून सुरू होते. ‘गरीब हुशार मुलांना मदत’ अशा सोज्वळ शीर्षकाखाली ती सांगायची सवय आपल्याला आहे, पण त्या शीर्षकात ती मावत नाही. ही मुलं नुसती गरीब नव्हती. त्यांच्यासमोरची दारं कोणीतरी, ठरवून, तारीख-वार लावून बंद केलेली होती.

जेम्स मॅक्यून स्मिथचं उदाहरण घ्या. १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा मुलगा आफ्रिकन फ्री स्कूलचा हुशार विद्यार्थी. आपल्या देशातल्या वैद्यकीय कॉलेजांनी त्याला वर्णामुळे घेतलं नाही. पीटर विल्यम्स ज्युनियर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने त्याला स्कॉटलंडला जायचा सल्ला दिला आणि त्यासाठी पैसे उभे करायला मदत केली. ग्लासगो विद्यापीठातून स्मिथ बी.ए., एम.ए. आणि १८३७ मध्ये एम.डी. झाला. वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणारा तो पहिला आफ्रिकन अमेरिकन. न्यूयॉर्कला परतून त्याने दवाखाना चालवला, औषधांचं दुकान काढलं, वंशभेदाचं ‘शास्त्र’ आकडेवारीने खोडून काढणारे लेख लिहिले. १८४७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. तिने त्याला कधीच सदस्य करून घेतलं नाही. सल्ला देणारा वडीलधारा आणि हातात पडलेले पैसे, या दोन गोष्टी पहिल्या डॉक्टरच्या वेळेपासून जोडीनेच येतात.

पहिल्या स्त्रीच्या बाबतीतही तेच. रिबेका ली क्रम्प्लर मॅसॅच्युसेट्समध्ये परिचारिका होती. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ती काम करत होती, त्यांनीच तिच्यासाठी शिफारसपत्रं लिहिली. बोस्टनच्या न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजात गुलामगिरीविरोधी राजकारणी बेंजामिन वेड यांच्या नावाच्या निधीतून तिला मदत मिळाली आणि १८६४ मध्ये ती पदवीधर झाली. ते कॉलेज १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात विलीन झालं. तोवर तिथून बाहेर पडलेली कृष्णवर्णीय पदवीधर स्त्री ती एकटीच.

यादवी युद्धानंतर चित्र पालटू लागलं. १८६८ मध्ये वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठाचं वैद्यकीय कॉलेज निघालं, १८७६ मध्ये नॅशव्हिलला मेहॅरी. मेहॅरीची जन्मकथा अशी सांगतात: मिठाची गाडी घेऊन निघालेल्या सॅम्युअल मेहॅरी नावाच्या गोऱ्या पोराची गाडी केंटकीच्या चिखलात रुतली. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाने त्याला आसरा दिला आणि गाडी बाहेर काढून दिली. जवळ काहीच नसलेल्या त्या पोराने, जमेल तेव्हा तुमच्या लोकांसाठी काही तरी करीन, असा शब्द दिला. पुढे त्याने आणि त्याच्या भावांनी कॉलेजला सुमारे ३० हजार डॉलर दिले. कथेला दंतकथेची चव आहे खरी. देणगी मात्र पक्की.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी सात कॉलेजं चालू होती. त्यांतली पाच १९२३ पर्यंत बंद पडली, आणि त्यामागचं मोठं कारण होतं एक पुस्तक. १९१० साली कार्नेगी फाउंडेशनसाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय कॉलेजांची झाडाझडती घेणारा अहवाल लिहिला. वैद्यकीय शिक्षण सुधारायला त्याची गरज होती, हे कोणी नाकारत नाही. प्रयोगशाळा नाही, रुग्णालय नाही, फी भरली की पदवी, अशी गोऱ्यांचीही दुकानं तेव्हा रग्गड होती आणि तीही या अहवालाने बंद पाडली. पण कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावरच्या प्रकरणात फ्लेक्सनर यांनी त्यांच्या डॉक्टरांचं काम मुख्यतः आपल्या लोकांना स्वच्छता शिकवण्यापुरतं आखून दिलं, आणि तेही गोऱ्या शेजाऱ्यांना रोगाची लागण होऊ नये हा हेतू न लपवता. सातांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच जगवण्याजोगी, असा त्यांचा निवाडा. न्यू ऑर्लीन्सचं फ्लिंट १९११ मध्ये मिटलं, रॅलीचं लेनर्ड १९१८ मध्ये, मेम्फिसचं वेस्ट टेनेसी १९२३ मध्ये. श्रीमंत फाउंडेशनांचे पैसे अहवालाच्या बोटाला धरून भलतीकडे वळले. नापास केलेल्या गोऱ्या कॉलेजांच्या मुलांना जायला दुसरी कॉलेजं होती. या मुलांना नव्हती.

ती पाच कॉलेजं चालू राहिली असती तर? २०२० साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात काही संशोधकांनी हा हिशेब मांडला. २०१९ पर्यंत त्यांतून आणखी सुमारे ३५,३०० डॉक्टर बाहेर पडले असते, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाज तो अंदाजच, पण दिशा दाखवायला पुरेसा. १९०० साली अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जवळपास १२ टक्के होते आणि डॉक्टरांमध्ये १.३ टक्के. २०१८ मध्ये लोकसंख्येत १२.८ टक्के, डॉक्टरांमध्ये ५.४ टक्के. शंभरावर वर्षांत झालेली प्रगती ही एवढी.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट आहे. डॉक्टर पुस्तकं वाचून होत नाही. डॉक्टरला डॉक्टर घडवतो. शस्त्रक्रियेत तर हे अगदी हातातून हातात जातं. चार्ल्स ड्रू हे नाव रक्तद्रव साठवण्याच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १९३३ मध्ये एम.डी. झालेले ड्रू १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठात साठवलेल्या रक्तावरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट घेतात, युद्धकाळात ब्रिटनला रक्तद्रव पाठवण्याच्या मोहिमेचं नेतृत्व करतात, हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं. त्यानंतर हॉवर्डला परतून त्यांनी जे केलं ते क्वचितच येतं. तिथे ते शिकाऊ शल्यविशारदांवर तुटून पडत, त्यांच्याकडून जिवापाड मेहनत करून घेत आणि मग त्यांना राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेला बसवत. १९४१ ते १९५० या काळात मंडळाने प्रमाणित केलेल्या कृष्णवर्णीय शल्यविशारदांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. १९५० साली मोटार अपघातात ड्रू गेले, वय अवघं ४५. त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी लासाल लेफॉल हे पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि हॉवर्डमध्ये त्यांनी स्वतः पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी घडवले. एक कॉलेज बंद होतं तेव्हा एका वर्षाचा वर्ग जातो असं वाटतं. प्रत्यक्षात असे ड्रू आणि असे लेफॉल रांगेने जातात.

मार्गदर्शक मिळाला आणि पैसा नाही, तर काय होतं? याचं उत्तर व्हिव्हियन थॉमस.

१९१० साली लुइझियानात जन्मलेला, नॅशव्हिलला वाढलेला, सुतारकामात तयार झालेला हा तरुण डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवत होता. महामंदी आली, बँक बुडाली, तिच्याबरोबर ती पुंजीही. १९३० मध्ये तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक या शल्यविशारदाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. काम संशोधकाचं, पगारपत्रकावर हुद्दा सफाई कामगाराचा. ब्लॅलॉक १९४१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला गेले तेव्हा थॉमसला बरोबर घेऊनच गेले. हेलन टाउसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंनी निळ्या पडणाऱ्या बाळांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग करून शस्त्रक्रियेची रीत बसवली, लागणारी हत्यारंही जुळवून आणली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी हॉपकिन्समध्ये पहिल्या बाळावर ती शस्त्रक्रिया झाली तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव मिळालं ब्लॅलॉक-टाउसिग.

पुढे डेंटन कूली यांच्यासारखे नामांकित हृदयशल्यविशारद थॉमस यांच्याकडून हात बसवून घेऊन गेले. ब्लॅलॉक यांच्यासारखा गुरू, हॉपकिन्ससारखी जागा आणि जगात थोड्यांकडे असेल असं कसब, सगळं होतं. तरी थॉमस डॉक्टर झाले नाहीत. त्यांच्या आत्मचरित्रात कडवटपणा फारसा नाही, आणि वाचताना तेच जास्त टोचतं. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, ती कायद्याची.

थॉमस यांच्या उत्तरायुष्यात हॉपकिन्सला लेव्हाय वॉटकिन्स नावाचा तरुण डॉक्टर आला. अलाबामाच्या मंटगोमरीत तो डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चर्चमध्ये जाणारा मुलगा. व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय कॉलेजातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९८० मध्ये त्याने माणसाच्या शरीरात पहिला स्वयंचलित डिफिब्रिलेटर बसवला. त्याच सुमारास तो हॉपकिन्सच्या प्रवेश समितीवर गेला आणि देशभरातल्या होतकरू कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अर्ज करा म्हणून पत्रं लिहू लागला. प्रवेशाचे निकष बदलायच्या आधी त्याने आमंत्रण बदललं. ज्या मुलांना हॉपकिन्स आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नव्हतं, त्यांच्या हाती हॉपकिन्सच्या डॉक्टरचं पत्र पडू लागलं.

मार्गदर्शन या शब्दाला सभा-समारंभात गोड, धूसर अर्थ आलेला आहे. खरं काम रुक्ष असतं. ते पाहायचं तर न्यू ऑर्लीन्सचं झेवियर विद्यापीठ पाहावं. फिलाडेल्फियाच्या गर्भश्रीमंत घरातून जोगीण झालेल्या कॅथरीन ड्रेक्सल यांनी उभारलेलं हे छोटं कॅथलिक विद्यापीठ. श्रीमंत नाही, प्रयोगशाळा दिपवणाऱ्या नाहीत. तरीही हार्वर्ड, येलला मागे टाकून इथले कृष्णवर्णीय पदवीधर सर्वाधिक संख्येने वैद्यकीय कॉलेजांत पोचत आले. नॉर्मन फ्रान्सिस १९६८ पासून २०१५ पर्यंत अध्यक्ष होते, आणि सत्तरच्या दशकात जे. डब्ल्यू. कारमायकल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे वैद्यकीय मार्गदर्शनाचं काम आलं. कमकुवत शाळांतून आलेल्या मुलांना गाळण्यासाठी पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र वापरायचं, ही इतर विद्यापीठांची रीत त्यांनी उलटी केली. प्राध्यापकांनी मिळून एकच पाठ्यक्रम ठरवला, पायऱ्या लहान केल्या, सराव चाचण्या वाढवल्या. एकट्याने अभ्यास करणं हा इथे गुण नाही. गटाने बसायचं, ज्याला कळलं त्याने दुसऱ्याला समजवायचं. शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग निघाले. अर्ज कधी भरायचा, निबंधात काय लिहायचं, शिफारस कोणाची घ्यायची, मुलाखतीला काय घालायचं, या सगळ्यावर कचेरीची बारीक नजर. ज्याच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्याला हे जेवणाच्या टेबलावर फुकट मिळतं. बाकीच्यांना कोणीतरी बसून सांगावं लागतं.

नेवार्कच्या तीन मित्रांची गोष्ट अमेरिकेत घरोघरी पोचलेली आहे. सॅम्पसन डेव्हिस, रमेक हंट आणि जॉर्ज जेन्किन्स एकाच हायस्कुलात होते, भोवती गरिबी आणि गुन्हेगारी. सीटन हॉल विद्यापीठाच्या माणसाने शाळेत येऊन कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांसाठीच्या वैद्यकीय-दंतवैद्यकीय योजनेची माहिती दिली. जेन्किन्सला लहानपणी दात बघणाऱ्या डॉक्टरने एकेक हत्यार उचलून त्याचं नाव सांगितलं होतं आणि तेव्हाच त्याने दंतवैद्य व्हायचं ठरवलं होतं. त्याने दोघांना बरोबर ओढलं, तिघांनी एकमेकांना शब्द दिला, आणि तिघेही शब्दाला जागले. ‘द पॅक्ट’ हे त्यांचं पुस्तक २००२ मध्ये आलं. डेव्हिस पुढे ज्या रुग्णालयात जन्मला त्याच्याच आपत्कालीन विभागात डॉक्टर म्हणून रुजू झाला. या कथेतली योजना, तो दंतवैद्य आणि मैत्री यांतलं एकही काढलं तर ती कोसळते. प्रेरणादायी भाषणांत मात्र बहुधा फक्त मैत्री शिल्लक उरते.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. डॉक्टर चांगला असला म्हणजे झालं, त्याचा वर्ण कशाला पाहायचा? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये काही अर्थतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. न्हाव्याची दुकानं आणि आठवडी बाजार इथून १,३०० हून अधिक कृष्णवर्णीय पुरुष गोळा केले, १४ डॉक्टर नेमले आणि कोणाला कोण तपासणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. भेटीआधी नुसता फोटो पाहून चाचण्यांना होकार देताना फरक दिसला नाही. प्रत्यक्ष बोलणं झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टरपुढे बसलेल्या पुरुषांनी जास्त चाचण्या करून घेतल्या. ज्यांसाठी रक्त द्यावं लागतं अशा मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या चाचण्यांत तर ठळकपणे. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिसच्या रुग्णांना उपचारांपासून वंचित ठेवून त्यांचं निरीक्षण करणाऱ्या सरकारी ‘अभ्यासा’ची आठवण ज्या समाजात घराघरांत आहे, तिथे सुईसाठी हात पुढे करणं ही साधी गोष्ट नसते.

या बाजूचा प्रत्येक पुरावा इतका भक्कम नाही. कृष्णवर्णीय डॉक्टरच्या देखरेखीत कृष्णवर्णीय नवजात बालकं जास्त वाचतात, असं फ्लोरिडातल्या नोंदींवरून २०२० मध्ये मांडलं गेलं आणि ते भराभर उद्धृत झालं. २०२४ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जन्मतःच अत्यंत कमी वजन असलेल्या बाळांचा हिशेब धरून पुन्हा पाहिलं, तर तो परिणाम जवळपास नाहीसा झाला. मदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे दडवू नये. ओकलंडचा पुरावा उभा आहे, आणि बंद केलेली दारं हा तर इतिहास आहे.

पैशाकडे यायचं, तर अमेरिकेत डॉक्टर होणारा सर्वसाधारण कर्जदार विद्यार्थी सुमारे दोन लाख डॉलरचं ओझं घेऊन बाहेर पडतो. एमकॅट या प्रवेश परीक्षेची फीच तीनशे डॉलरच्या वर, मग कॉलेजागणिक अर्जाचे पैसे. १९४६ मध्ये शिकागोत सुरू झालेली नॅशनल मेडिकल फेलोशिप्स ही संस्था हा भार हलका करत आली आहे. क्यूबानेही हात पुढे केला, हे पुष्कळांना माहीत नसतं: २००० साली कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्यांपैकी काहींनी मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या डॉक्टर-टंचाईचा विषय फिडेल कॅस्ट्रोंपुढे काढला आणि हवानाच्या वैद्यकीय विद्यालयात अमेरिकन मुलांसाठी मोफत जागा निघाल्या, परत जाऊन वंचित वस्त्यांत काम करायचं, एवढी नैतिक अट. मोठा आकडा २०२४ चा आहे. मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने चार ऐतिहासिक कृष्णवर्णीय वैद्यकीय कॉलेजांच्या कायम निधीसाठी ६० कोटी डॉलर जाहीर केले: हॉवर्ड, मेहॅरी आणि अटलांटाचं मोरहाउस यांना प्रत्येकी साडेसतरा कोटी, लॉस एंजेलिसच्या चार्ल्स ड्रू विद्यापीठाला साडेसात कोटी. या वेळी पैसा एका पिढीच्या कर्जापुरता न देता संस्थांच्या मुळाशी घातला गेला, हे महत्त्वाचं.

वारं मात्र उलटं आहे. वर्ण पाहून प्रवेश देण्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा गाजला तो १९७८ च्या ‘बॅकी’ नावाच्या खटल्यात, आणि तो वैद्यकीय कॉलेजाचाच होता: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॉलेजात शंभरांतल्या सोळा जागा अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या होत्या. कोटा गेला, पण वर्ण हा अनेक बाबींपैकी एक म्हणून धरायला मुभा राहिली. जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात तीही गेली. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या प्रवेशांत, वैद्यकीय कॉलेजांत नव्याने दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या ११.६ टक्क्यांनी घटली. कृष्णवर्णीय पुरुषांचं तर त्याआधीच अडलेलं होतं: १९७८ मध्ये त्यांच्यापैकी ५४२ जण वैद्यकीय कॉलेजात दाखल झाले होते आणि २०१४ मध्ये ५१५.

अशा वेळी कामाची जागा प्रवेशाच्या दारापासून मागे सरकते. आठवीतल्या मुलाच्या विज्ञानाच्या वर्गात, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात, आणि नव्या कॉलेजांत. ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने त्या ६० कोटींखेरीज ५० लाख डॉलर झेवियर विद्यापीठासाठी जाहीर केले. ऑक्सनर या रुग्णालय-समूहाबरोबर ते स्वतःचं वैद्यकीय कॉलेज काढत आहे. फ्लिंट बंद होऊन शंभराहून अधिक वर्षं झालेल्या त्याच न्यू ऑर्लीन्समध्ये आता प्राध्यापकांची जमवाजमव, मान्यतेची कागदपत्रं, प्रयोगशाळा आणि खाटा यांचा हिशेब चालू आहे.